समोरच्या नळीचं वजन

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे, मित्रांनो. नाशिकच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीखाली, एकोणीस वर्षं मी नुसता गरगर फिरतो आहे. नळीतला गाळ तळाला बसवायचा आणि वरचं पाणी नितळ करायचं, एवढंच माझं काम. आता खरंच थकलो. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना आधी मला दाखवत. हल्ली माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवतात.

ज्योत्स्ना ही इथली संशोधक विद्यार्थिनी, पेठ तालुक्यातली. तिच्या वडिलांच्या नागलीवर, म्हणजे नाचणीवर, दरवर्षी करपा रोग पडतो, कणसं पोचट राहतात. करप्याची बुरशी कोणत्या प्रथिनाच्या जोरावर पानात शिरते, हे तिला शोधायचं होतं. बुरशीचा अर्क शेवटी एक नळीभर निघाला. पुन्हा बुरशी वाढवायला तीन आठवडे लागले असते आणि तिच्या संशोधनाची मुदत आठ दिवसांत संपत होती.

माझ्यात एक नळी ठेवली, की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी लागते. तिने दुसऱ्या नळीत तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी भरलं. मी थरथरलो आणि थांबलो. असं तीनदा झालं. तिचे डोळे भरून आले. प्रयोगशाळेचे प्रमुख अमोल सर लांबूनच म्हणाले, ‘‘मशीन गेलं. भंगारात काढा.’’

मला फार लागलं ते. मी बिघडलो नव्हतो, पण सांगणार कसा?

मला रोज पुसणारे शिपाई मोतीराम तिथेच होते. ते हळूच म्हणाले, ‘‘ताई, दोन्ही नळ्या काट्यावर ठेवून पाहिल्या का? ह्याला डोळ्याचा अंदाज नाय चालत.’’

अर्कात मीठ होतं, तो पाण्याहून जड भरला. ज्योत्स्नाने समोरच्या नळीत थेंबथेंब पाणी वाढवून काटा जुळवला. माझे सांधे कुरकुरले, पण मी फिरलो, शेवटपर्यंत फिरलो. त्या नितळ पाण्यातच तिला हवं ते प्रथिन सापडलं. तिच्या यशाचा फोटो मात्र संगणकासमोर निघाला.

कॉलेज सोडून जाण्याच्या दिवशी तिने मला आतून कोरडं पुसलं आणि ओल सुकावी म्हणून झाकण उघडं ठेवलं. मोतीरामही त्याच महिन्यात निवृत्त झाले.

मित्रांनो, कौतुक नको मला. आज माझं झाकण बंद आहे, आत परवाचं सांडलेलं पाणी आहे आणि तळाला गंज धरतो आहे. कधी इकडे आलात, तर तेवढं झाकण उघडा.