तीन खोल्यांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. मसुरीच्या डाळीएवढी, काळी, आठ पायांची. किडा समजून मला एकदा केरसुणीचा फटकाही बसला आहे. पण मी किडा नाही. मी साक्षीदार आहे. म्हणजे होते.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला ठाऊक नाही. शुद्ध आली ती छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं वासिफभाई लसींच्या फ्रिजला लावायची यंत्रं बनवत. फ्रिज आतून तापला, म्हणजे लसी खराब झाल्या, की यंत्रावरचा तांबडा दिवा लागायचा. आणि असं कितीदा झालं ते मी लक्षात ठेवायचं. माझ्या पोटात केसाहून बारीक तारा आहेत. एकदा फ्रिज तापला की एक तार जाळायची. जळलेली तार पुन्हा जुळत नाही. माझ्यात लिहिलं ते लिहिलं. खोडायची सोय नाही.

पण तारांचाही भरवसा नसतो. म्हणून वासिफभाईंनी माझ्यात तीन खोल्या केल्या. एकच गोष्ट तिन्ही खोल्यांत लिहायची, आणि वाचताना निदान दोघींचं जुळेल ते खरं धरायचं. मला चिमट्यात धरून ते आपल्या लेकीला, सगीराला, म्हणाले, "बघ, एक खोली बहकली तरी दोघी सांभाळून घेतात. ही माझी दुसरी लेक. खोटं बोलायची नाय."

"अब्बा, पहिलीला कधी असं म्हणलात का?" सगीरा म्हणाली. वासिफभाई हसले. मी मात्र ते वाक्य मनावर घेतलं.

पुढे सगीरा लग्न होऊन देवगाव रंगारीकडच्या एका गावात नांदायला गेली आणि काही दिवसांनी मीही त्याच गावात गेले. तिथं एका ट्रस्टचा दवाखाना होता. अध्यक्ष काकासाहेबांनी फ्रिजला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि विज्ञानावर भाषण केलं. गणपतीत डीजेवाल्यांनी दवाखान्याच्याच मीटरवरून वीज घेतली. असा झटका बसला की माझी मधली खोली कायमची बहकली. पण उरलेल्या दोघींनी एक अक्षर चुकू दिलं नाही. नर्स करुणाताई येईल त्याला कौतुकानं सांगायच्या, "तिघी जावा हायेत आत. एक रुसली तरी सैपाक अडत नाय."

ते माझे सुखाचे दिवस.

मग मे महिना आला. आदर्श दवाखान्याचं बक्षीस देणारी समिती येणार होती, आणि ती खास लसींचा फ्रिजच पाहणार होती. आता पाहुणा एवढ्या उन्हातून फ्रिज बघायला येणार, तर त्याला गार काही नको का? आमच्याकडे पाहुण्याला कोरडं पाठवत नाहीत. काकासाहेबांनी मठ्ठ्याची दोन मोठाली पातेली त्या फ्रिजमध्येच ठेवली. लसींचे खोके मागं सारले. गावात माठ होते. पण समितीला माठातलं कसं द्यायचं? मठ्ठा गार झाला का, हे बघायला जो तो दार उघडू लागला. करुणाताई गावात फिरून परत येईपर्यंत फ्रिज तापला. माझ्या दोन्ही शहाण्या खोल्यांत एकेक तार जळली आणि तांबडा दिवा लागला.

काकासाहेबांनी आधी दिव्यावर हार घालून पाहिला. हारातून दिवा जास्तच शोभून दिसू लागला. मग त्यांनी वासिफभाईंना फोन केला. समिती उशिरा आली, वासिफभाई वेळेवर आले.

"तेवढं तांबडं पुसा, भाई," काकासाहेब म्हणाले.

"पुसता येत नाय. तसंच बनवलंय."

"मग बिघडवता तरी येतं का?"

ट्रस्टचे आणखी दवाखाने होते, त्यांना यंत्रं लागणार होती, हे काकासाहेबांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं. मी निर्धास्त होते. बाप होता तो माझा.

वासिफभाईंनी पिशवीतून वायर काढली, माझ्या पायांना जोडली आणि माझ्या उरल्यासुरल्या सगळ्या तारा जाळल्या. तिन्ही खोल्यांत. मित्रांनो, जळलेली तार जोडता येत नाही, पण धड असलेली जाळता येते. हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असणार. आता मला विचारलं, की मी सांगणार, फ्रिज शेकडो वेळा तापला. कोण विश्वास ठेवील? एक खोली खोटी बोलली असती तर मी सावरून घेतलं असतं. पण बापानं तिन्ही खोल्या पेटवल्यावर बहुमत कुणाचं धरायचं?

तांबडा दिवा गेला आणि पिवळा लागला. पिवळा म्हणजे यंत्र नादुरुस्त. समितीनं दोनदोन पेले मठ्ठा घेतला आणि शेरा मारला: यंत्र बिघडलेले, व्यवस्था उत्तम.

दुसऱ्या दिवशी आया पोरं घेऊन आल्या. करुणाताईंनी सुई हातात घेतली नाही.

"तापल्याचा पुरावा कुठंय?" काकासाहेबांनी विचारलं.

"मठ्ठा तुम्हीच वाढला ना? या लसीनं पोराला सुई दुखंल, आन् रोग तसाच येईल."

लसी परत गेल्या. तेवढी पोरं वाचली. माझ्या जागी वासिफभाईंनीच नवी चिप बसवली, तिच्यातलं हवं तेव्हा पुसता येतं. दिवा तेव्हापासून हिरवाच असतो. मला वासिफभाईंनी फेकायचं म्हणून चष्म्याच्या डबीत टाकलं आणि फेकलं मात्र नाही.

म्हणून पुढचं मी त्यांच्या खिशातून ऐकलं. सगीराला मुलगी झाली, युसरा. तिला लस द्यायच्या दिवशी आजोबा कौतुकानं सोबत गेले. दवाखान्यात आयांची ही रांग.

"ताई, फ्रिज बरोबर हाय ना?" वासिफभाईंनी विचारलं.

"हिरवा हाय की. तुमचाच दिवा."

"ते दिसतंय. पर बरोबर हाय का?"

"मला कसं कळणार, भाई? पहिली होती तवा कळायचं."

खिशात माझ्या डबीवर त्यांचा हात आला.  मग ते लेकीला हळूच म्हणाले, "चल, युसराला शहरात टोचू."

"आन् ही बाकीची पोरं?" सगीरानं विचारलं.

 वासिफभाई दाराबाहेर जाऊन उभे राहिले. सगीरा पोरीला घेऊन रांगेत तशीच बसून राहिली. करुणाताईंनी एकालाही न टोचता सुईची पेटी बंद केल्याचा आवाज मात्र मला आला.

मित्रांनो, मठ्ठा माठात गार होतो, एवढं ध्यानात ठेवा. दिवा तांबडा झाला तर दिव्यावर रागावू नका. आणि आमच्यासारखीला लेक म्हणण्याआधी दोनदा विचार करा. तुम्ही बोलून विसरता. आम्ही ते तिन्ही खोल्यांत लिहून ठेवतो.