चालणाऱ्या धंद्याची लपवाछपवी

बूटवालीचा धंदा चालायला लागला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

धंदा चालला म्हणून कुणी घाबरतं का, असं तुम्ही विचाराल. शहराच्या नवउद्योग केंद्रात टेबल मिळालेलं असेल तर माणूस नक्की घाबरतो. हे केंद्र नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर होतं. डोक्यात धंद्याची कल्पना आहे आणि खिशात काही नाही, अशा माणसाला तिथे सगळं फुकट मिळायचं. टेबल, खुर्ची, वीज, इंटरनेट, मधूनच कागद गिळणारा प्रिंटर, आठवड्यातून एकदा वकील आणि मार्गदर्शक तर मागाल तेवढे. अट एकच होती आणि ती दारावर रंगवून ठेवली होती. ज्याचा धंदा स्वतःच्या पायावर उभा राहील, त्याने टेबल पुढच्यासाठी सोडायचं. पहिल्या दिवशी ती वाचून बूटवालीला हसू आलं होतं. धंदा उभा राहिल्यावर टेबल हवंय कुणाला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिचा धंदा तिच्या सासऱ्यांच्या पायांतून निघाला. सासऱ्यांचा उजवा पाय नऊ नंबरचा आणि डावा आठचा. जन्मभर ते प्रत्येक वेळी दोन जोड विकत घ्यायचे, दोन बूट घालायचे आणि उरलेले दोन ट्रंकेत ठेवायचे. "कुणाच्या तरी कामी येतील," असं म्हणायचे आणि घरातले सगळे हसायचे. बूटवालीही हसायची. मग एक दिवस ट्रंक झाडताना तिच्या मनात आलं, की या जगात कुणाचा तरी डावा पाय नऊचा आणि उजवा आठचा असणारच. तो बिचाराही दोन-दोन जोड घेत असेल. अशी उलटसुलट मापाची माणसं शोधायची आणि एकाचे उरलेले बूट दुसऱ्याला द्यायचे, एवढाच तिचा धंदा होता.

केंद्रातल्या मार्गदर्शकांना तो काही केल्या पचेना. एका मार्गदर्शकाने तर पुष्कळ आकडेमोड करून तिला सांगितलं, "ताई, दोन्ही पाय एकाच मापाचे असलेल्यांची बाजारपेठ फार मोठी आहे. तुम्ही त्यांच्याकडे का वळत नाही?" बूटवालीने मान डोलावली आणि आपलंच घोडं पुढे दामटलं. बघता बघता गिऱ्हाइकं एकमेकांना सांगू लागली, फोन वाजू लागला, खोकी येऊ-जाऊ लागली.

आणि मग तिला दारावरची ती अट पुन्हा दिसली.

तिचं टेबल खिडकीजवळ होतं. दुपारी त्यावर ऊन यायचं. घरी तिला स्वयंपाकघरातल्या ओट्याचा एक कोपरा मिळायचा, तोही भाजी चिरून झाल्यावर. तिथे बसलं की पोरं विचारायची, "आई, माझा मोजा कुठाय?" नवरा विचारायचा, "अगं, माझा मोजा कुठाय?" सासरे काही विचारायचे नाहीत, पण टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा लावायचे. केंद्रात तिला कुणी मोज्याबद्दल विचारत नसे. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला एक जागा मिळाली होती, जिथे ती फक्त तिची होती. ती जागा तिला काही केल्या सोडायची नव्हती.

तेव्हा तिने सोपा मार्ग धरला. ती बुडायला लागली.

गिऱ्हाइकाचा फोन आला की ती चेहरा पाडायची. "हो... सात आणि आठ... कळलं... पाठवते," हे ती अशा आवाजात म्हणायची, की पलीकडचा माणूस घाबरून विचारायचा, घरी सगळं ठीक आहे ना. टेबलाखाली खोक्यांचा ढीग वाढला, तेव्हा तिने सांगून टाकलं, "परत आलेला माल."

हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं, ते केंद्राचे व्यवस्थापक म्हणजे अगदीच देवमाणूस. सगळे त्यांना सर म्हणायचे. कुणाचं अपयश पाहिलं की त्यांच्या डोळ्यांत आधी पाणी यायचं. तिचा पडलेला चेहरा दिसला की ते उजवा बूट फटक-फटक घासत यायचे, कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "रडा ताई. मोकळं व्हा. अपयश म्हणजे शिक्षण."

तो फटक-फटक आवाज बूटवालीच्या काळजात जायचा. सरांना पाहताक्षणीच तिने ओळखलं होतं, की यांचा उजवा पाय लहान आहे आणि हे बुटात कागद कोंबून चालतात. माप तर तिने नुसत्या नजरेने घेतलं होतं. डावा नऊ, उजवा आठ. सासऱ्यांच्या ट्रंकेत या मापाचे जोड पडून होते. पण एकदा का सरांच्या पायात बूट नीट बसला, की धंदा चालतो हे त्यांना कळणार आणि टेबल जाणार. म्हणून ती गप्प बसायची. मग सरांनी दिलेल्या रुमालाने ती डोळे पुसायची, आणि अशा वेळी डोळ्यांत खरंच पाणी असायचं.

केंद्रात आणखी दोघं होती. त्यांची तर तिला मनापासून कीव यायची. झाडवाली कचेऱ्यांना कुंड्या भाड्याने देणार होती, पण तिच्या स्वतःच्या टेबलावरचं झाड वाळून कोळ झालं होतं. दुसरा कुरकुऱ्या. लोकांची करकरणारी दारं, पलंग, खुर्च्या गप्प करायच्या, हा त्याचा धंदा. आणि त्याची स्वतःची खुर्ची अशी करकरायची की मार्गदर्शक बोलता बोलता थांबायचे. या दोघांच्या शेजारी बसून आपण चोरून यशस्वी होतोय, याची बूटवालीला शरम वाटायची.

एका सकाळी सरांनी तिघांना जवळ बोलावलं.

"उद्या समिती येतेय," ते म्हणाले. "वर्षभरात एकही धंदा उभा राहिला नसेल, तर केंद्र बंद. इथे नगरपालिकेचं मोडकं फर्निचर ठेवणार आहेत."

तिघांनीही माना खाली घातल्या.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," सर म्हणाले. "दोष माझा आहे. मलाच नीट मदत करता आली नाही." आणि ते फटक-फटक करत आपल्या खोलीत गेले. रुमालांचा डबा त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी बूटवाली घरी गेली ती चेहरा खरोखरच पाडून. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. असं ते क्वचितच करत.

"काय झालं गं?"

तिने सगळं सांगितलं. टेबल, अट, सरांचा पाय, सगळं.

"म्हणजे त्याच्या मापाचे बूट आपल्या घरात आहेत, आणि तो कागद कोंबून फिरतोय?" सासरे म्हणाले.

"बाबा, टेबल जाईल माझं."

"जाऊ दे की! मी इतकी वर्षं ट्रंक काय शोभेला ठेवली होती? कुणाच्या तरी कामी यावं म्हणूनच ना? तुझं टेबलही येईल कुणाच्या तरी कामी." एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. बूटवालीला त्यांचा भयंकर राग आला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. एक अध्यक्षबाई आणि त्यांच्या मागे दोन गृहस्थ, एक होकार देणारे आणि एक घड्याळ बघणारे. सरांनी घसा साफ केला आणि अपयश म्हणजे शिक्षण कसं, हे सांगायला सुरुवात केली. घड्याळवाल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं.

"थोडक्यात, एकही धंदा उभा नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बूटवाली उठली. तिने एकदा खिडकीकडे पाहून घेतलं.

"माझा धंदा चालतो," ती म्हणाली. "चांगला चालतो."

सर धावत तिच्याजवळ आले. "बसा ताई! मला वाचवायला खोटं बोलू नका." मग समितीकडे वळून ते कळवळून म्हणाले, "यांचं मन मोठं आहे हो, पण यांचा धंदा साफ बुडालेला आहे. मी स्वतः साक्षीदार आहे. सगळा माल परत येतो. प्रत्येक फोनला रडतात!"

"सर, धंदा चालतोय माझा!"

"नाही चालत, ताई! मी तुम्हाला ओळखतो!"

आता याला काय म्हणावं? माणसाला वाचवायला जावं, तर तो आपल्याच तोंडाने आपली फाशी मागतोय. बूटवालीचा संयम सुटला. सकाळी घरून आणून ठेवलेलं एक खोकं तिने टेबलाखालून ओढलं आणि फर्मावलं, "सर, बूट काढा."

"काय?"

"दोन्ही काढा. बसा खाली."

घरी पोरांना दटावताना तिचा जो आवाज लागायचा, तोच नेमका लागला. सर मुकाट्याने बसले. उजव्या बुटातून वर्तमानपत्राचा बोळा निघाला. सरांनी लाजून तो मुठीत लपवला. बूटवालीने सासऱ्यांच्या ट्रंकेतले बूट त्यांच्या पायात चढवले आणि नाड्या स्वतः बांधल्या.

"चाला."

सर चालले. खोलीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. कसलाच आवाज नाही. ते पुन्हा गेले, पुन्हा आले, आणि मग मधोमध उभे राहून आपल्या पायांकडे बघत राहिले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पाय जमिनीला लागले."

"हे आधीच द्यायला हवे होते," बूटवाली म्हणाली. "टेबलाच्या लोभाने दिले नाहीत. चुकलं माझं."

घड्याळवाले गृहस्थ घड्याळ विसरले होते. त्यांनी खाली वाकून स्वतःचा डावा बूट काढला आणि विचारलं, "डावा सहा, उजवा सात. मिळेल?"

"उद्या घेऊन जा," बूटवालीच्या तोंडून निघालं, आणि समितीला आणखी पुरावा लागला नाही.

तेवढ्यात कुरकुऱ्या उठला. त्याने खिशातून पेचकस काढला, आपली खुर्ची उलटी केली, एकच स्क्रू पिळला आणि परत बसला. खुर्चीने चकार शब्द काढला नाही. झाडवालीने त्याच्याकडे पाहिलं, पाण्याची बाटली उचलली आणि वाळक्या झाडाच्या कुंडीत ओतली.

"खाली गाडी उभी आहे माझी," ती मान खाली घालून म्हणाली. "हिरवी झाडं तिच्यात असतात."

बूटवाली दोघांकडे बघतच राहिली. इतके महिने ती या लबाडांची कीव करत होती, आणि ते तिची!

सरांना आनंदाने काय करावं सुचेना. त्यांनी तिघांना मिठ्या मारल्या, घड्याळवाल्यांनाही मारली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अभिनंदन. केंद्र चालू राहील. टेबलं सोमवारी रिकामी करा." सरांचा चेहरा तिथेच उतरला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिघांनी मिळून रस्त्यापलीकडचं एक दुकान भाड्याने घेतलं. दुकान बरं होतं. खिडकी मात्र नव्हती.

सोमवारी बूटवाली शेवटचं खोकं न्यायला वर आली, तर तिच्या टेबलाशी एक अनोळखी बाई बसली होती. मांडीवर पिशवी घट्ट धरून, खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी उठवेल अशा भीतीने. माझं टेबल आहे ते, असं बूटवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने तिथेच गिळलं. लांबून सर रुमालांचा डबा घेऊन यायला निघाले होते, आता अजिबात आवाज न करता.

"नीट बसा," बूटवाली त्या बाईला म्हणाली. "इथे कुणी मोजे विचारत नाही."

त्या बाईने चमकून वर पाहिलं, आणि तिचे खांदे एकदम सैल झाले. पिशवी टेबलावर आली.

बूटवालीने खोकं उचललं, सर अजून लांब आहेत हे पाहून घेतलं आणि वाकून तिच्या कानात सांगितलं, "आणि धंदा चालला ना, तरी लगेच सांगू नका. दुपारी इथे छान ऊन येतं."