लिंक फार्मचं पीक

मुख्तारभाईंचा चिमटा गुगलवर पहिला आला.

हे वाचलं असेल तर कृपया विसरा. असं काही झालेलंच नाही. आज शोधून पाहिलंत तर आमचा मागमूसही लागणार नाही, तेव्हा माझंच म्हणणं खरं.

तर, न झालेल्या गोष्टीची सुरुवात अशी. २००८चा हिवाळा. कापसाचं तेव्हा असं चाललं होतं की दारव्ह्याच्या बाजारात ओळखीचा माणूस भेटला तर लोक म्हशीची तब्येत विचारत, पिकाची नाही. बसस्टँडसमोर माझा इंटरनेट कॅफे होता. शेजारी मुख्तारभाईंचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी पऱ्हाटी उपटायचा चिमटा बनवला होता. वेचणी संपली की कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, हातानं उपटाव्या लागतात. तळव्याला फोड येतात, कंबर कामातून जाते. या चिमट्यानं बुंधा पकडायचा, लांब दांडा दाबायचा, की पऱ्हाटी मुळासकट वर. उत्तम वस्तू. एकही विकली गेली नव्हती.

"होळीपर्यंत चिमटे नाही खपले तं दुकान बंद," मुख्तारभाई म्हणाले. "साल्यानं भिवंडीले बोलावलं. चौकीदारीवर."

"हे चौकीदार!" खैरुनभाभी चहा ठेवत म्हणाल्या. "बसल्या जागी घोरते हा मानूस. चोर आला तं याच्याच अंगावर चादर टाकून जाईन."

आम्ही हसलो. भाभीही हसल्या, आणि रिकामे कप न्यायचं विसरून तशाच निघून गेल्या.

मी भाईंची वेबसाइट बनवली. ती इतक्या मागच्या पानावर आली की तिथवर गुगलसुद्धा कधी गेला नसेल. मग मी उपाय काढला.

"इंटरनेटवर डिरेक्टऱ्या असतात, भाई. तिथं आपलं नाव टाकाचं. मंग ते आपल्याकडं बोट दाखवतात. त्या बोटाले लिंक म्हणतात. जेवढे बोटं, तेवढं गुगलले वाटते, हा कोनी मोठा मानूस आहे."

"आन् ते फुकट दाखवते बोट?"

"नाही. आपनही त्याईचं नाव आपल्याकडं लावाचं."

"म्हंजे आहेर आन् परतीचा आहेर."

"हो," मी म्हणालो. सगळा घोटाळा या 'हो'मध्ये आहे.

दिसेल त्या डिरेक्टरीत मी चिमटा नोंदवला. एकीत चिमट्याला इंग्रजी शब्द असा निवडला की आम्ही थेट भुवया कोरायच्या सामानात जाऊन बसलो. सगळ्यात मोठी डिरेक्टरी होती 'सुपर लिंक फार्म'. लिंक फार्म म्हणजे एकमेकींकडे बोटं दाखवत बसलेल्या साइटींचा ढीग. त्यात फार्म नसतो. हे मला माहीत होतं, पण सांगायचं राहिलं. भाईंना सगळी नावं वाचून दाखवली, परतीच्या आहेराचं आल्यावर पाहू म्हणालो आणि चुलतबहिणीच्या लग्नाला ढाणकीला निघून गेलो.

परत आलो तर दुकानाची अख्खी भिंत ऑइलपेंटनं भरलेली. वर मथळा: 'आमचे पाहुणे'. खाली वर्ल्ड बेस्ट साइट्स, ऑल टूल्स हब, ब्युटी पॉइंट. आणि सगळ्यात मोठ्या हिरव्या अक्षरांत, बाजूला बैलजोडी काढून, सुपर लिंक फार्म.

"परतीचा आहेर आपन बाकी नाही ठेवत," मुख्तारभाई म्हणाले.

नेमका बाजाराचा दिवस. भिंतीसमोर ही गर्दी. मारोतराव म्हणून एक कापूसवाले पुढे उभे होते.

"हे लिंक फार्म कोन्या गावाले आहे?"

मुख्तारभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"इंटरनेटवर आहे काका," मी म्हणालो.

"वर्धेकडं का?"

"जरा पुढं."

"बोंडअळी?"

"अजिबात नाही."

"पानी?"

"लागतच नाही."

मारोतरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आन् तिथं पऱ्हाटी याच चिमट्यानं उपटते?"

मुख्तारभाई माझ्याकडे पाहत होते. 'हो' म्हटलं असतं तर सगळे चिमटे तिथल्या तिथे खपले असते. पण एका 'हो'नं आधीच भिंत रंगली होती.

"नाही काका. तिथं पऱ्हाटीच नाही. सारे नुसते एकमेकाकडं बोटं दाखवत बसते."

"मंग तं आमचंच गाव झालं ते!" मारोतराव म्हणाले आणि सगळे खो खो हसले. हसता हसताच त्यांनी दुकानातला एक चिमटा हातात घेतला. "चाला, याले खरी पऱ्हाटी दाखवू."

स्टँडमागेच त्यांचं वावर. वरात निघाली. पहिली पऱ्हाटी मुळासकट वर आली तशी माणसांची चर्चा सुरू झाली, दांडा लांब हवा की आखूड. ती चालू असताना धनीबाई नावाच्या मजूर बाईनं चिमटा उचलला आणि पऱ्हाट्यांची अख्खी ओळ उपटून टाकली.

"कंबर वाकलीच नाही," ती म्हणाली. "आता कोनी वापस मांगून पाहा माह्याकडून."

कोणी मागितला नाही. पुढे राळेगावहून माणूस उतरला आणि त्यानं "चिमटा कुठं भेटते?" विचारलं की जीपवाले, पानवाला, रसवंतीवाला, सगळे एकाच वेळी भिंतीकडे बोट करत. होळीच्या आधीच चिमटे संपले. भाईंनी साल्यालाच भिवंडीहून घण मारायला बोलावून घेतलं.

"आता दोघं घोरते," भाभी म्हणाल्या. "पन बारीबारीनं."

याच धांदलीत एका मंगळवारी आम्ही गुगलवर पहिले आलो होतो. शुक्रवारी लिंक फार्मवाल्या साइटी वगळायच्या नियमानं गायबही झालो. नियम बरोबरच होता. मुख्तारभाईंना तेवढं पटलं नाही.

"काहून? त्याईनं भिंत पाह्यली का? अर्ज कर तू."

केला.

"प्रति, मा. व्यवस्थापक, सर्च इंजिन (सर्व). विषय: दाखवलेली बोटे मोजण्याबाबत. महोदय, आपण आमची साइट नियमानुसार वगळली, याबाबत तक्रार नाही. तथापि दारव्हा बसस्थानक परिसरातील जीपचालक, पानवाले व श्रीमती धनीबाई हे अर्जदाराच्या दुकानाकडे दररोज विनामोबदला बोट दाखवत आहेत. सबब, बाजाराच्या दिवशी समक्ष स्थळपाहणी करून सदर बोटे लिंक म्हणून ग्राह्य धरावीत, व लिंक फार्मच्या सात-बाऱ्यावर चालू हंगामाचे पीक म्हणून त्यांची नोंद घेण्यात यावी, ही नम्र विनंती."