चाख्या मिस्त्रीची जीभ

मिस्त्रीने केबिनच्या जमिनीतली तिसरी फळी उचलली, बाजूला ठेवली आणि आत हात घातला. हात मनगटापर्यंत भिजला. काल दुपारी हाच तळ बापलेकीने फडक्यांनी पुसून खडखडीत कोरडा केला होता.

"आलंय परत," तो म्हणाला. "चांगलं चार बोटं आहे."

त्याची लेक पलंगाखालच्या कप्प्यात पोटावर सरपटत शिरली होती. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते आणि आत टॉर्चचा उजेड हलत होता. काल जाताना तिने एकेका पाइपच्या सांध्याखाली पांढरा टिश्यू कागद अंथरला होता. जिथे गळतं तिथला कागद भिजतो. इतकं ते साधं.

"शॉवरमागचा ओला झालाय," आतून आवाज आला. "पण अगदी थोडा. एवढ्याने चार बोटं पाणी साचायचं नाही."

वीस मीटरची पांढरीशुभ्र मोटरयॉट. वर चामड्याचे कोच, सागवानी कपाटं, नळसुद्धा सोनेरी. आणि या सगळ्या थाटाखाली हे काळपट, साबणाचा तवंग आलेलं पाणी. यॉटमध्ये पाणी शिरतं एकीकडून आणि तोंड दाखवतं भलतीकडेच. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवायची असते, पाणी गोडं आहे की खारं. गोडं असेल तर ते यॉटच्याच टाकीतलं, नळातलं, फार तर पावसाचं. डोकेदुखी आहे, पण जिवावर बेतणारी नाही. खारं असेल तर समुद्र आत येतोय, आणि मग ती यॉट धक्क्यावरून हलवायची नाही, मालक कितीही मोठा असो.

हे ठरवणारं एक यंत्र गोदीच्या साहेबांनी मध्यंतरी आणलं होतं. त्यांच्या खणात पडून पडून त्यातले सेल गळाले. गोदीला यंत्र हवंच कशाला? गोदीत चाख्या होता. तीस वर्षं हा माणूस बोट बुडवून जिभेला लावत होता आणि थुंकत होता. पाण्यात डिझेल असो, साबण असो, आणखी काही नको ते असो, त्याची जीभ कधी फसली नव्हती. 'चाख्या' हे नाव आधी चेष्टेने पडलं. पुढे लोक ते आदराने घ्यायला लागले. नवे कप्तान धक्क्याला लागल्या लागल्या विचारायचे, चाख्या मिस्त्री कुठे भेटतील हो?

आठ महिन्यांपूर्वी त्याला ताप आला. सहा दिवसांनी ताप गेला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. मीठ कळेना, साखर कळेना, तिखटाची नुसती आग. त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ताटात पडेल त्याला तो 'झकास झालंय' म्हणायचा, आणि चौतीस वर्षांत कौतुकाचा एक शब्द न ऐकलेली ती बाई, नवरा उतारवयात का होईना सुधारला, म्हणून शेजारणींना सांगत सुटली होती.

कामावर मात्र त्याला लेकीने तारलं. तेही तिच्या नकळत, असं तो धरून चालला होता. ती अंगाने सडपातळ, म्हणून अडचणीच्या जागी आधी तीच शिरायची. आधी तीच चाखायची आणि शिकतानाच्या सवयीने विचारायची, "बाबा, गोडंच आहे ना?" किंवा "खारट लागतंय, नाही का?" मग तो बोट बुडवायचा, डोळे मिटायचा, जरा वेळ घ्यायचा आणि तिचंच उत्तर आपल्या तोंडाने सांगायचा. आठ महिन्यांत एकदाही चूक झाली नव्हती. लेक कामात बापाच्या वरचढ निघाली होती. हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो ते बोलून दाखवत नव्हता.

ती कप्प्यातून मागे सरकत बाहेर आली. कोपराला ग्रीस लागलं होतं.

"साहेब भेटले होते सकाळी," हात पुसत ती म्हणाली.

"मग?"

"मला स्वतंत्र टोळी द्यायची म्हणत होते. पलीकडच्या धक्क्यावर. तुम्ही नको म्हणालात म्हणे."

"नको कुठे म्हटलं? थांबा म्हटलं."

"का?"

"अजून कच्ची आहेस."

"अकरा वर्षं झाली, बाबा."

"मला तीस झाली. मी अजून शिकतोच आहे."

असलं काहीतरी भारदस्त बोलून गप्प करणं त्याला चांगलं जमायचं. खरं कारण वेगळंच होतं. ती पलीकडच्या धक्क्यावर गेली की इकडे 'गोडंच आहे ना' म्हणून कोण विचारणार? दोन दिवसांत तो उघडा पडला असता. वर्षभर थांबली तर काय मोठंसं बिघडतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. वर्षभरात चव परत येईलही, काय सांगावं.

लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग "ठीक आहे" म्हणाली आणि टॉर्च घेऊन पुन्हा कप्प्यात शिरली.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. मालक खाली आला, मागोमाग यॉटचा कप्तान. मालकाच्या आईला शनिवारी ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. आयुष्यभर किनाऱ्यावरून समुद्र पाहिला, एकदा समुद्रातून किनारा पाहायचाय, असं म्हातारीने म्हटलं होतं, आणि मालकाने सगळं घर गोळा करून बेत ठरवला होता.

"काय मिस्त्री, लागला का छडा?"

"आता सांगतो."

लेक बाहेर आली आणि उचललेल्या फळीच्या कडेला बसली. मिस्त्रीने मुद्दाम वेळ काढला. बाही दुमडली. फळी आणखी थोडी सरकवली. बोट बुडवलं. ती काही विचारेना. शर्टाच्या बाहीने टॉर्चची काच पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. रुसलीय, त्याच्या मनात आलं. रागाच्या भरात हिने चाखलंसुद्धा नसेल.

त्याने बोट तोंडात घातलं आणि डोळे मिटले. तोंडात काहीच नव्हतं. पुठ्ठा चोखावा तसं. साहेबांकडून ते यंत्र मागवावं, नवे सेल घालावेत, दहा मिनिटांचं काम. पण चाख्याने यंत्र मागायचं, तेही मालक आणि कप्तानासमोर? संध्याकाळपर्यंत गोदीभर झालं असतं. शॉवरमागचा कागद ओला होता, एवढं खरं होतं. शॉवरचं पाणी गोडं. त्याने तेवढंच धरलं.

"गोडं आहे," तो म्हणाला. "शॉवरमागचा सांधा सुटलाय. आज बांधून देतो."

"नक्की ना?" कप्तानाने विचारलं.

"तीस वर्षं चाखतोय मी."

लेकीचा काच पुसणारा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मालकाचा जीव भांड्यात पडला. त्याने मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली आणि वर निघून गेला. दुपारपर्यंत बापलेकीने सांधा उघडला, नवा वायसर घातला, घट्ट आवळला. दोघं कामापुरतंच बोलली. पाना दे. हा घे. धर इथे.

शुक्रवारी कप्तानाला तळात पुन्हा पाणी दिसलं. आधीचंच कुठे अडलेलं खाली आलं असेल, असं तो समजला. चाख्याने गोडं म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची? त्याने पंपाने पाणी उपसलं आणि शनिवारी सकाळी यॉट सोडली.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत आणणारा एक जाड रबरी पाइप असतो. तो केबिनच्या भिंतीमागून गेला होता, तिथवर टिश्यू पोचला नव्हता, आणि त्याच्या तोंडावरची लोखंडी पट्टी गंजून अर्धी झाली होती. यॉट धक्क्याला उभी असताना तिथून नुसतं पाणी झिरपायचं. भर समुद्रात इंजिनाने जोर घेतला तशी पट्टी तुटली, पाइप निखळला आणि समुद्र सरळ आत आला. दोन्ही इंजिनं बुडाली. एक मच्छीमार लाँच जवळ होती म्हणून माणसं वाचली. म्हातारीला या यॉटवरून त्या लाँचवर चौघांनी उचलून दिलं. देता देता ती निसटली. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा चालेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सोमवारी साहेबांनी बापलेकीला ऑफिसात बोलावलं. ऑफिस गोदीच्या फाटकाबाहेर होतं. कप्तान आधीच येऊन बसला होता. दोन रात्री झोपला नसावा.

"यांनी गोडं सांगितलं," तो म्हणाला. "मी समोर उभा होतो."

"मिस्त्री?" साहेब म्हणाले.

मिस्त्री घरून ठरवून आला होता. रस्ताभर एकच वाक्य त्याने मनाशी घोकलं होतं, साहेब, माझी चव गेलीय. तोंड उघडेपर्यंत ते वाक्य जिभेवर होतं.

"साहेब, कप्प्यात ही शिरली होती," तो म्हणाला. "आधी हिने चाखलं. गोडं म्हणाली. मी आपलं बोट लावल्यासारखं केलं. लेकीच्या शब्दावर गेलो, तिथेच चुकलो."

मिस्त्री टेबलावरच्या काचेच्या कडेकडे बघत राहिला. लेक आता ओरडेल, खोटं आहे म्हणेल, अशी त्याची खात्री होती. ती नाही म्हणाली असती तर आपण तिथल्या तिथे कबूल केलं असतं, असं तो अजूनही मनाशी म्हणतो.

"खरं आहे?" साहेबांनी तिला विचारलं.

"आधी मीच चाखलं," ती म्हणाली.

"आणि गोडं सांगितलंस?"

तिने खाली पाहिलं नाही, बापाकडेही नाही.

"चूक माझी आहे, साहेब."

"चूक? त्या बाई जन्माच्या अंथरुणाला खिळल्या!" साहेबांचा आवाज चढला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पास ठेव इथे. उद्यापासून गोदीत पाऊल टाकायचं नाही."

तिने गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही बरोबर बोलला होतात, मिस्त्री," साहेब म्हणाले. "मीच घाई करत होतो. आणि आता बसू नका. पलीकडच्या धक्क्यावर एक लाँच लागलीय, तळात पाणी येतंय. संध्याकाळी पन्नास माणसं घेऊन निघायचीय. जाऊन बघा. या वेळी स्वतः चाखा म्हणजे झालं."

बाहेर आल्यावर मिस्त्रीने लेकीला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गाठलं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि त्याची त्याला लाज वाटत होती. दोन्ही एकदमच.

"पोरी, थांब गं. मोठं मन केलंस. त्या दिवशी तू चाखलंसुद्धा नव्हतंस, आणि तरी माझ्यासाठी…"

"चाखलं होतं."

"काय?"

"चाखलं होतं, बाबा. खारट होतं. कडू लागेल इतकं खारट."

मिस्त्रीने कठड्याला हात लावला.

"मग बोलली का नाहीस?"

"आठ महिने मीच बोलत होते ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "ताप उतरला त्याच आठवड्यात कळलं मला. म्हटलं, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. मग तुम्ही मला कच्ची ठरवलंत. तेव्हा वाटलं, सांगू दे आता एकदा यांनाच. चारचौघांत म्हणू देत, मला कळत नाही म्हणून. एवढंच पाहिजे होतं मला."

"अगं, पण मी गोडं म्हटल्यावर तरी…"

"हो. तेव्हा बोलायला हवं होतं. शुक्रवारपर्यंत वेळ होता. नाही बोलले." तिने तोंडावरून हात फिरवला. "काल दवाखान्यात जाऊन आले. म्हातारीला पाणी हवं होतं, मी पाजलं. देव तुझं भलं करो म्हणाली मला. म्हणून आत गप्प बसले. तुमच्यासाठी नाही."

फाटकाच्या आतून कुणीतरी हाका मारत होतं. लाँचवाला होता. दोन्ही हात वर करून बोलावत होता.

"चाख्या मिस्त्री! येताय ना? पाणी वाढतंय हो!"

मिस्त्रीने लेकीचा दंड धरला. कितीतरी वर्षांत धरला नव्हता.

"एवढी एक लाँच बघून दे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एवढीच. मग मी सांगतो साहेबांना सगळं. आईशप्पथ सांगतो."

"वर जा आणि आत्ता सांगा. साहेब बसलेत."

"आत्ता नको. आत्ता ते लोक खोळंबलेत गं. तू नुसतं बोट लाव. कुणाला कळायचं नाही."

तिने त्याच्या हातातून दंड सोडवून घेतला.

"मला आत सोडत नाहीत आता, बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रीने वर ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. साहेबांचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. पायऱ्या मोजून अकरा. लाँचवाल्याने पुन्हा हाक मारली.

"आलो, आलो!" मिस्त्री ओरडला, आणि बाही दुमडत फाटकातून आत गेला.