शेजारी बदला

कार्यशाळेचा विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने इष्टतमीकरण'. या शेवटच्या शब्दावर उद्घाटनातच विभागप्रमुखांची जीभ अडखळली आणि सभागृहात खसखस पिकली. गणिताच्या नव्या प्राध्यापिकेला मात्र हसू येईना. पहिलं सत्र तिचं होतं. समोर हाताची घडी घालून पाहुणे प्राध्यापक बसले होते, ज्यांची पुस्तकं वाचून ती शिकली होती. शेवटच्या रांगेत तिची आई. "रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत गं," म्हणून आलेली.

"इष्टतमीकरण म्हणजे शक्य असलेल्या पर्यायांतला सगळ्यात चांगला शोधणं," ती म्हणाली. "मी या प्रोग्रामला सांगितलंय, प्रत्येकाला अनोळखी शेजारी मिळू दे. कुणी कुठे बसायचं ते तो ठरवेल."

पडद्यावर खुर्च्यांचा नकाशा उमटला. मंडळी हसत उठली, नव्या जागी बसली, एकमेकांना नावं सांगितली. झालं! आता शेजारी ओळखीचे झाले. प्रोग्रामने लगेच नवा नकाशा काढला.

मग आणखी एक. मग आणखी एक.

पिशव्या, डबे, लॅपटॉप सावरत सगळे पळू लागले. "अहो, माझा चष्मा तुमच्या मांडीवर राहिला!" "तुम्ही कोण? असू दे, सांगू नका, परत उठावं लागेल!" विभागप्रमुख "शिस्त! शिस्त!" ओरडत स्वतःच खिडकीकडे धावले. नवी प्राध्यापिका प्रोग्राम बंद करायला निघाली, तर नकाशात तिचंही नाव. कुणीतरी तिला धरून खुर्चीत बसवलंच.

"छकुले, थांबव ते!" आई ओरडली. मग शेजारी पाहुणे प्राध्यापक दिसले, तशी म्हणाली, "नको, राहू दे. यांना तुझी शाळेतली गंमत सांगतेय."

हसून हसून लेकीच्या पोटात दुखायला लागलं. कशीबशी लॅपटॉपपर्यंत पोचून तिने प्रोग्राम बंद केला. पाहुणे प्राध्यापक धापा टाकत उभे राहिले. तिला वाटलं, संपलं सगळं.

"चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मशीनची!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मुळीच नाही. त्याने सांगितलेलं चोख केलं. सांगायचं काय राहिलं, मॅडम?"

"उठण्याचा त्रास मोजायला," ती म्हणाली. "आणि थांबायचं कधी, ते."

"हे मी पोरांना वर्षभर शिकवतो, तरी विसरतात. आज माझ्या गुडघ्यांनाही कळलं!"

टाळ्या थांबेनात. तिने दोन्ही गोष्टी प्रोग्रामला सांगितल्या आणि तो पुन्हा चालवला. फक्त दोघांना जागा बदलायची होती. दोघांनी जागा बदलल्या आणि काम संपलं.

"काय हे!" एक पोक्त प्राध्यापिका हिरमुसून म्हणाल्या. "मघाचंच लावा की!"

"मघाचं! मघाचं!" सगळं सभागृह ओरडू लागलं. तिने भीतभीत विभागप्रमुखांकडे पाहिलं.

ते बुटांच्या नाड्या घट्ट बांधत होते.