गुलाबी रेघा

मुलांनो, डोळ्यांसमोर आणून बघा. तुम्ही चित्र काढताय. नीट दिसेना म्हणून दिवा जवळ ओढलात. चित्र बदललं का? नाही ना. पण समजा, दिवा कुठं होता हेही त्याच कागदावर उमटत असेल, आणि तो जरा सरकवला की लोक ओरडत असतील, "चित्रात कुणीतरी खाडाखोड केली!" तर?

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांनी शहर तापलं होतं, त्या दिवसांत चिकलठाण्यातल्या एका साचे बनवणाऱ्या कारखान्यात असंच घडलं. तिथं नवा कंप्युटर आला होता. साच्याचं ड्रॉइंग आणि पडद्यावरचे रंग, दोन्ही एकाच फाईलमध्ये राहायचे. नुसता रंग बदलून सेव्ह केलं तरी फाईलची तारीख बदलायची. आणि पास झालेल्या ड्रॉइंगची तारीख बदलली की ते पुन्हा तपासून होईपर्यंत पोलाद कापणं बंद. मालक तात्यासाहेब वैतागले. इंजिनिअर श्रीनिवासरावांना म्हणाले, "पडद्याचे रंगबिंग वेगळ्या फाईलमध्ये ठेवा बुवा. ड्रॉइंगमध्ये फक्त ड्रॉइंग."

काही दिवसांनी श्रीनिवासरावांनी सांगितलं, "केलं. आता तारीख बदलली, तर ड्रॉइंगच बदललं असं समजा."

केलं नव्हतं. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं.

त्यांची मुलगी कालिंदी सहावीत होती. रविवारी ती बाबांबरोबर कारखान्यात गेली. पडद्यावरच्या ड्रॉइंगच्या पिवळ्या रेघा तिला आवडेनात. तिनं त्या गुलाबी केल्या आणि सेव्ह केलं. शेजारी बसलेले बाबा हसले. "छान दिसतंय गं!"

सोमवारी बंदमुळे शाळेला सुट्टी, म्हणून ती पुन्हा आली. तात्यासाहेब लालबुंद झाले होते. त्यांच्यासमोर उभा होता ड्रॉइंग काढणारा रामकिसन. कंप्युटरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं आणि श्रीनिवासरावांकडं, दोघांकडंच.

"पास झालेलं ड्रॉइंग रविवारी कुणी बदललं? त्यातही मोर्चाच्या घोषणा लिहायला हात शिवशिवत होते का रे?"

"मोर्चाला गेलतो साहेब, लपवत नाय," रामकिसन म्हणाला. "पण फाईल म्या उघडली नाय."

"मग भुतानं उघडली? श्रीनिवासराव, तुम्ही?"

"मी ड्रॉइंगला हात लावलेला नाही," श्रीनिवासराव म्हणाले. बोलणं खरं होतं, म्हणून तर ते जास्त वाईट होतं.

"झालं तर मग! रामकिसन, उद्यापासून येऊ नकोस."

कालिंदीचे कान तापले. बाबा आत्ता सांगतील, असं तिला वाटत होतं. तिनं वर पाहिलं. बाबा स्वतःच्या बुटांकडं बघत होते. रामकिसनकाका मात्र बाबांकडं बघत होता. त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. गप्प राहा, असं सांगणारा हात. आपल्या गुलाबी रेघांपेक्षा तिला त्या हाताचीच जास्त लाज वाटली. आणि तो हात तिला आवडायचा, याचीही.

रामकिसन दाराशी पोचला.

कालिंदीनं खांद्यावरचा हात बाजूला केला. "काका, थांबा!" ती दारात आडवी उभी राहिली. "तात्यासाहेब, ते मी केलं. नुसता रंग बदलला. काल." मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "आणि बाबा शेजारीच होते."