नाराजी, मध्यम

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींची पत्रं वाचायचं काम शिक्केमास्तरांकडे होतं. पत्र वाचायचं, लिहिणाऱ्याची भावना ओळखायची आणि कोपऱ्यात तिचा शिक्का मारायचा. शिक्के चाळीस. साहेब कुठलंसं शिबिर करून आले आणि तेव्हापासून कचेरीच्या लेखी कुणाला नुसता राग येईनासा झाला. यायचा तो 'अपेक्षाभंगातून संताप, सौम्य'. शिक्क्याबरहुकूम छापील उत्तर जायचं. लिफ्ट मात्र बंदची बंद.

मास्तरांना या कामाची अशी गोडी लागली, की घरीही तोंडाला खळ नाही. बायको म्हणाली, "वैताग आणलात हो तुम्ही," की हे म्हणणार, "वैताग नव्हे गं. ही उपेक्षेची खंत. नीट आठवून बघ."

एके दिवशी तिनं नीट आठवून बघितलं, बॅग भरली आणि धाकट्या बहिणीचं घर गाठलं.

आठवड्यानं कचेरीच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. 'बावीस वर्षं मला काय वाटतं ते तुम्हीच सांगताय. तुम्हाला काय वाटतं? तेवढं कळवा. नाही जमलं, तर मी येत नाही.'

मास्तरांनी पत्र मन लावून वाचलं. डोळेही भरून आले म्हणे. पण देवा, हाताची सवय! शिक्का पडला, 'नाराजी, मध्यम', आणि संध्याकाळच्या टपालानं उत्तर रवाना झालं: 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये बायकोच्या पत्राच्या कोपऱ्यात आपलाच शिक्का दिसला आणि मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. मेव्हणीचं घर येईपर्यंत ते धावतच होते.

मेव्हणीनं साखळी न काढता दार किलकिलं केलं. "या भावोजी! आज कसली नोंद घेताय?"

आतून बायकोचा आवाज आला. "विचार गं त्यांना, काय वाटतंय."

मास्तरांनी मनातल्या मनात चाळीसही शिक्के उलटेपालटे केले. "मला... एक संमिश्र स्वरूपाची..."

दार मिटायला लागलं.

"अगं थांब! भीती वाटते गं! रोज कुलूप उघडताना. आत कुणी नसतं."

आतली पावलं दाराशी आली.

"सौम्य की मध्यम?" बायकोनं विचारलं.

"ते नाही गं कळत."

"मग खरी असेल." साखळी तिनंच काढली. "या आत. पण खिशात शिक्के असतील, तर बाहेरच ठेवा."

तीन निघाले.